शहरात एएम रेडिओ पुन्हापुन्हा खरखरतो: दोष घरात, हवेत की मनोऱ्यावर?

तक्रार ठरलेली असते. सकाळी स्टेशन बरं लागतं, संध्याकाळी खरखर चढते, रात्री त्याच्या खाली दुसरंच कुणीतरी बोलत असतं. सेट बदलला, जागा बदलली, आठवडाभर बरं वाटलं, की पुन्हा तेच. शेवटी माणूस वैतागून म्हणतो, एएमचं आता काही खरं नाही. काही शहरांत, काही स्टेशनांपुरतं ते बरोबरच आहे. त्याकडे पुढे येतोच. पण पुष्कळदा स्टेशन धडधाकट असतं आणि घरातला एखादा चार्जर सगळा बँड गिळून बसलेला असतो. म्हणून नवा सेट किंवा अँटेना घेण्याआधी दोष कुणाचा ते ठरवा: तुमच्या घराचा, इमारतीचा, दुसऱ्या स्टेशनाचा, की जे ऐकताय त्या स्टेशनाचाच. हे न ठरवता केलेला उपाय टिकत नाही.

सुरुवात मेन स्विचपासून

सेलवर चालणारा साधा, हातात धरता येईल असा रेडिओ घ्या. तक्रारीचं स्टेशन लावा, आवाज नेहमीएवढाच ठेवा. कॉम्प्युटर, फ्रिज, कुणाचं वैद्यकीय उपकरण असेल तर त्याची आधी सोय लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर त्याच क्षणी गेली तर दोष घरात. निम्मी उरली तर थोडा तुमचा, थोडा शेजाऱ्यांचा. काडीचाही फरक पडला नाही तर घरातले प्लग उपटत बसू नका.

इथे एक फसगत हमखास होते. मेन बंद केला की यूपीएस आणि घरचा इन्व्हर्टर जागे होतात, आणि एएमवर त्यांचा स्वतःचा कल्ला बऱ्याच उपकरणांपेक्षा मोठा असतो. खरखर कमी व्हायच्या ऐवजी वाढली तर हेच झालंय असं समजा. तेही बंद करून चाचणी पुन्हा घ्या. दुसरी फसगत खुद्द रेडिओच्या अॅडॉप्टरची. रेडिओ प्लगवर लावून सगळं घर तपासायचं आणि खरखर येतेय त्या अॅडॉप्टरमधूनच, हा प्रकार फार सर्रास आहे.

दोष घरात आहे हे कळलं की बोर्डावरचे एमसीबी एकेक करून चालू करा. खरखर ज्या लाइनवर परत येते, त्या खोलीतलं सगळं बंद करून एकेक लावत जा. रेडिओ भिंतीतल्या वायरिंगपासून हातभर तरी लांब ठेवा. खरखर वायरीवरून घरभर पसरलेली असते, त्यामुळे भिंतीला चिकटवलेला रेडिओ प्रत्येक खोलीत ओरडतो आणि उगम सापडत नाही.

आवाज नीट ऐकला तर निम्मं निदान होतं

एएममध्ये कार्यक्रम लहरीच्या उंचीवर, म्हणजे आयामावर, चढवलेला असतो. ठिणगी, स्विचिंग, मोटर यांचा गोंगाटही आयामातच भर घालतो. एफएमचा सेट आयामातला चढउतार छाटून टाकू शकतो. एएमच्या सेटला ती मुभा नाही, कारण छाटायला जावं तर कार्यक्रमच छाटला जाईल. खरखर रेडिओतून पूर्ण काढता येत नाही, ती जिथून येते तिथेच थोपवावी लागते, याचं कारण हे. मात्र त्याचा एक फायदाही आहे: प्रत्येक उपकरणाचा आवाज जसाच्या तसा कानावर येतो, आणि कान तयार झाला की ओळखूही येतो.

मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर आणि एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर दर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणाऱ्या सर्किटवर चालतात. त्यांची मूळ वारंवारता साधारण दहा-वीस ते शंभर किलोहर्ट्झमधली, पण तिच्या पटी थेट मीडियम वेव्हवर, म्हणजे एएमच्या पट्टीवर, येऊन बसतात. ओळखायचं असं: स्टेशन सोडा आणि काटा सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. खरखर सगळीकडे सारखी नसून ठरावीक अंतराने, समजा दर ६५ किलोहर्ट्झला, उसळी मारत असेल तर गुन्हेगार असलाच वीजपुरवठा (चार्जर किंवा ड्रायव्हर). उसळी थोडी डावी-उजवीकडे सरकत असेल तर संशय पक्का; उपकरण तापलं किंवा त्यावरचा भार बदलला की त्याची वारंवारता हलते.

जाड, करवतीसारखी घुर्र घुर्र दिवा मंद केल्यावर वाढली तर डिमर. लिफ्ट चालते तेवढाच वेळ येऊन थांबणारा आवाज लिफ्टच्या मोटरच्या ड्राइव्हचा. विजेच्या खांबावर सैल नटबोल्टमध्ये ठिणग्या उडत असतील तर तडतड कोरड्या हवेत जास्त येते आणि पाऊस पडला की बऱ्याचदा गप्प होते. मळलेल्या इन्सुलेटरवरची गळती मात्र दमट हवेत वाढते. आणखी एक मजेशीर प्रकार: स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेत शांतता, पण जोरदार स्टेशन लावलं की त्याच्या मागे गुणगुण. याला खरखर समजून अँटेना बदलू नका. स्टेशनची लहर वायरिंगमध्ये शिरते, एखाद्या पुरवठ्याच्या डायोडमध्ये (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) विजेच्या तालावर कापली जाते आणि गुणगुण घेऊन परत बाहेर पडते. त्या पुरवठ्याचा प्लग काढला की गुणगुण जाते.

वेळ हा सर्वांत चांगला साक्षीदार. सूर्य मावळला की खरखर विरते? गच्चीवरच्या सोलर पॅनेलचा इन्व्हर्टर किंवा पॅनेलमागचे ऑप्टिमायझर बघा. रोज संध्याकाळी ठरल्या मिनिटाला झटकन सुरू होते? रस्त्यावरचे किंवा जिन्यातले दिवे. सांज होता होता हळूहळू चढते आणि तिच्यात माणसांचे आवाज मिसळलेले असतात? ती खरखर नव्हे, दूरची स्टेशनं आहेत; त्यांच्यावर घरात कुठलाच इलाज नाही.

सापडलेल्या उपकरणाचं काय करायचं

शक्य असेल तर सरळ बदला. हा सल्ला आळशी वाटतो, पण सर्वांत टिकाऊ तोच. बदलता येत नसेल तर वायरीवर फेराइट, म्हणजे वायरीतला गोंगाट अडवणारा चुंबकीय सिरॅमिकचा तुकडा, बसवा. बाजारात मिळणारी क्लिप एकदा वायरीवर चाप मारून बसवली की लोकांना वाटतं काम झालं. मीडियम वेव्हवर त्या एका वेढ्याचा जवळजवळ काही उपयोग होत नाही. फेराइटचा अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो: आठ वेढे म्हणजे एका वेढ्याच्या चौसष्टपट. म्हणून मोठं कडं घ्या, मिक्स ३१ किंवा मिक्स ७५ चं (ही फेराइटच्या प्रकारांची नावं), आणि चार्जरची वायर त्यातून बसतील तेवढे वेढे देऊन उपकरणाच्या अगदी जवळ बसवा. दोन्ही टोकांना वायरी असतील तर दोन्हीकडे.

घरातलं एकेक उपकरण नियमात बसतं, तरी त्रास का होतो, हा प्रश्न रास्त आहे. रेडिओतल्या अडथळ्यांचे नियम ठरवणाऱ्या सीआयएसपीआर या आंतरराष्ट्रीय समितीच्या मानकांत १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात वायरीवर किती गोंगाट चालेल याच्या मर्यादा आहेत. पण मर्यादा एका उपकरणाची. एका इमारतीत अशी शेकडो उपकरणं एकाच वायरिंगवर असली की सगळ्यांचा मिळून जो तळ तयार होतो, त्याला कुणीच जबाबदार नसतं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या पी.३७२ शिफारशीत मानवनिर्मित गोंगाटाचे जे मध्यक आकडे आहेत, त्यांत १ मेगाहर्ट्झला शहराचा आकडा ७६.८ डेसिबल आणि ग्रामीण भागाचा ६७.२ डेसिबल. फरक ९.६ डेसिबलचा, म्हणजे शक्तीत सुमारे नऊपट. आणि या आकड्यांच्या मुळाशी एलईडी आणि मोबाइल चार्जरच्या आधीच्या काळातली मोजमापं आहेत.

सेट फिरवा, फुकट आणि सर्वांत परिणामकारक

पोर्टेबल रेडिओच्या आत, बहुधा वरच्या कडेला आडवी, एक काळी फेराइटची कांडी असते. एएमची अँटेना तीच. वर ओढायची चकचकीत काडी एफएमची. ती कितीही लांब केली तरी बहुतेक सेटमध्ये एएमला काही होत नाही. कांडीच्या टोकांच्या दिशेने येणारा सिग्नल तिला जवळजवळ ऐकूच येत नाही. त्यामुळे स्टेशनकडे तोंड करण्यापेक्षा गोंगाटाकडे टोक करणं जास्त फायद्याचं. सेट टेबलावर सपाट ठेवून सावकाश फिरवा. जोर कमाल होतो ती दिशा पसरट असते, काही कळत नाही. पण आवाज बुडतो ती जागा अरुंद, धारदार असते. खरखर बुडाली तिथे थांबा, स्टेशन थोडं कमी झालं तरी चालेल.

याच युक्तीने उगम शोधता येतो. खरखर जिथे बुडते त्या रेषेत कांडीचं टोक ज्या भिंतीकडे आहे, तिकडे चाला. पुन्हा फिरवा. दोन वेगळ्या जागांवरून काढलेल्या रेषा एकमेकींना छेदतात तिथे बहुधा राउटर, चार्जर नाहीतर शेजाऱ्यांचा टीव्ही निघतो. शेजाऱ्यांकडे जाताना मात्र रेडिओ हातात घेऊन, आवाज चालू ठेवूनच जा. नुसत्या तक्रारीवर विश्वास बसत नाही, प्रत्यक्ष ऐकवलं की बसतो.

काँक्रीटच्या इमारतीत सळयांची जाळी सिग्नल आत येऊ देत नाही आणि आतला गोंगाट आतच ठेवते, म्हणजे दुहेरी नुकसान. रेडिओ खिडकीशी नेऊन फरक पडला तर हीच अडचण. धातूचा पातळ थर दिलेली काच असेल तर खिडकीही फारशी मदत करत नाही. अशा वेळी ट्यून होणारी लूप अँटेना (तारेच्या वेढ्यांची चौकट) खिडकीत ठेवून रेडिओ तिच्या शेजारी ठेवायचा. वायर जोडावी लागत नाही. लूप आणि कांडी यांचा चुंबकीय मेळ आपोआप बसतो. लूपही फिरवायची असते, हे विसरू नका.

खरखर नाही, तरी स्टेशन बिघडलेलं

एक साधा दोष फार उशिरा लक्षात येतो. अमेरिका खंडांत एएमची स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, बाकी जगात ९ च्या. दुसरीकडून आणलेला डिजिटल सेट चुकीच्या पायरीवर असेल तर १०४४ लागतच नाही. १०४० किंवा १०५० वर फाटका, घशात अडकल्यासारखा आवाज येतो. तपासायला सोपं: ९० ने भाग जाणारे आकडे, म्हणजे ६३०, ८१०, ९९०, दोन्ही पद्धतींत सारखेच. तीच तेवढी स्टेशनं स्वच्छ आणि बाकी सगळी फाटकी असतील तर सेटिंगमध्ये ९/१० ची निवड शोधा. बऱ्याच सेटमध्ये ती मागच्या स्विचवर किंवा बंद सेटचं एखादं बटण दाबून धरल्यावर सापडते.

मनोऱ्याच्या जवळ राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं. एकच बलाढ्य स्टेशन चार ठिकाणी लागतं. ४५५ किलोहर्ट्झच्या मधल्या वारंवारतेवर (सेट प्रत्येक स्टेशन आत याच वारंवारतेवर आणतो) चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या सेटमध्ये खऱ्या जागेच्या ९१० किलोहर्ट्झ खाली त्याची छाया पडते: १५०३ चं स्टेशन ५९३ वर, म्हणजे ५९४ च्या स्टेशनला खेटून, आणि दोघांच्या टकरीतून १ किलोहर्ट्झची बारीक शिट्टी. असा हिशेब जुळला तर स्टेशनला दोष देऊ नका, सेट बदला. हिशेब जुळत नसेल आणि दोन स्थानिक स्टेशनं एकमेकांत मिसळून भलत्याच जागी येत असतील, तर सेट बदलूनही ती जागा तशीच राहते का पहा. राहिली तर बाहेर कुठेतरी गंजलेला धातूचा सांधा आहे. कुंपण, पन्हळ, जुनी एरियल: गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो आणि दोन लहरींतून तिसरी बनवून परत हवेत सोडतो. अशा वेळी हातात रेडिओ घेऊन घराभोवती फिरा आणि संशय येईल तो सांधा हलवून पहा.

स्टेशनच्या दोन्ही अंगांना एकसारखी शूऽऽ ऐकू येते, कशानेही बदलत नाही, मेन बंद करूनही तीच? ती बहुतेक डिजिटल लहर. अमेरिकेतल्या एचडी रेडिओच्या मिश्र पद्धतीत जुन्या सिग्नलच्या दोन्ही बाजूंना डिजिटल पट्टे असतात, आणि एकूण रुंदी ३० किलोहर्ट्झपर्यंत जाते. साहजिकच शेजारच्या स्टेशनच्या अंगणात पाय पडतो. डीआरएम या दुसऱ्या डिजिटल पद्धतीचा सिग्नलही साध्या सेटवर असाच लागतो. उपाय एकच: सेटला अरुंद बँडविड्थची सोय असेल तर ती लावा आणि काटा शूऽऽ जास्त येते त्याच्या विरुद्ध बाजूला किंचित सरकवा. आवाज थोडा बसका होईल, पण शब्द कळतील.

गाडीत

आधी सिगारेट लायटरच्या भोकातला यूएसबी चार्जर काढा, मग डॅशकॅमची वायर. गाडीतल्या तक्रारींची सुरुवात मी कायम तिथूनच करायला सांगतो. ते करूनही वेगाबरोबर चढणारी शीळ राहिली तर इंजिनाकडची विद्युत व्यवस्था, आणि ते काम मेकॅनिकचं. विजेच्या गाडीत मोटरचा इन्व्हर्टरच मोठ्या करंटचं स्विचिंग करतो. त्याला आच्छादन घालता येतं, पण त्याचा खर्च आणि वजन टाळायला टेस्ला, बीएमडब्ल्यू, व्होल्व्हो वगैरेंनी विजेच्या गाड्यांतून एएमच काढून टाकलं. फोर्डही त्या वाटेवर होती. मे २०२३ मध्ये तिने निर्णय फिरवला. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसमध्ये प्रत्येक गाडीत एएम सक्तीचं करणारं विधेयक मांडलं गेलं. त्यामागचा मुद्दा गाण्यांचा नव्हता. संकटात इशारे देण्यासाठी तिथे जी ७७ स्टेशनं राखून ठेवली आहेत, त्यांत एएम स्टेशनांचा मोठा वाटा आहे. गाडी घेताना एएम हवं असेल तर विक्रेत्याच्या शब्दावर न जाता स्वतः बटणं दाबून पहा.

जे तुमच्या हातात नाही

सगळं करूनही रात्री दोन स्टेशनं एकमेकांवर चढत असतील तर तो निसर्गाचा आणि गर्दीचा भाग. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, डी थर मीडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि वरच्या थरांवरून परावर्तित झालेल्या लहरी शेकडो किलोमीटरवर उतरतात. ५३१ ते १६०२ मध्ये ९ च्या अंतराने मोजून १२० जागा, आणि स्टेशनं त्यांच्या कितीतरी पट. एफएममध्ये जोरदार स्टेशन दुबळ्याला पुरतं दाबून टाकतं. एएममध्ये दोन्ही ऐकू येतात. म्हणूनच अनेक स्टेशनांना रात्री शक्ती कमी करावी लागते किंवा लहर एका दिशेने वळवावी लागते, आणि शहराच्या ज्या बाजूला ती वळत नाही तिथल्या श्रोत्याला वाटतं आपला रेडिओ बिघडला. हे तपासायला शहराच्या दुसऱ्या बाजूच्या उपनगरात राहणाऱ्या कुणाला तरी त्याच वेळी ऐकायला सांगा.

यापुढचं पैसे खर्च करण्याआधी पाहायचं: स्टेशन राहणार आहे का? १००० किलोहर्ट्झला पाव तरंगलांबी ७५ मीटर. एवढा मनोरा, त्याच्या भोवती जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारांचं जाळं, आणि दिशा वळवायची असेल तर असे तीन-चार मनोरे. शहर वाढलं की ती जमीन स्टेशनपेक्षा महाग होते. वॉशिंग्टनला लागून असलेल्या बेथेस्डामध्ये डब्ल्यूएमएएल या एएम स्टेशनचे चार मनोरे २०२० मध्ये पाडले गेले, कारण जागा घरबांधणीसाठी विकली होती. माझ्या मते गर्दीच्या शहरांत एएमचं भवितव्य खरखरीपेक्षा या जमिनीवर ठरतंय.

जर्मनी आणि फ्रान्समधल्या सार्वजनिक स्टेशनांनी २०१५ अखेर मीडियम वेव्ह सोडली. ब्रिटनमध्ये अॅब्सोल्यूट रेडिओचं एएम जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं. जपानमध्ये २०२१ मध्ये ४७ पैकी ४४ खाजगी एएम कंपन्यांनी २०२८ पर्यंत एफएमकडे वळण्याचा इरादा जाहीर केला. ब्राझीलला मोठ्या शहरांत जागाच नव्हती, म्हणून जुन्या टीव्ही वाहिन्यांची ७६ ते ८८ मेगाहर्ट्झची पट्टी एफएमला जोडावी लागली. ही पट्टी जुन्या सेटवर येत नाही, त्यामुळे तिथे तक्रार 'खरखर येते' ऐवजी 'स्टेशन गायब' अशी होते. अमेरिकेत लहान एएम स्टेशनं २५० वॅटपर्यंतच्या एफएम ट्रान्सलेटरवर (तोच कार्यक्रम एफएमवर देणाऱ्या छोट्या प्रक्षेपकावर) तगून आहेत, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये पूर्ण डिजिटल एएमला मंजुरी मिळाली. पण स्टेशन पूर्ण डिजिटल झालं की जुन्या सेटवर फक्त शूऽऽ उरते.

माझा अंदाज सरळ आहे. मोठ्या शक्तीची, शहराबाहेर पक्की जमीन असलेली मोजकी स्टेशनं टिकतील. मधली, आधीच दुसऱ्याच्या सावलीत असलेली, एफएमवर किंवा इंटरनेटवर जातील. तुमचं स्टेशन दुसऱ्या गटातलं असेल तर लूप अँटेनावर पैसे घालण्याआधी त्याची एफएमची जागा आहे का ते बघा. ती पुरत असेल तर प्रश्न संपला.

स्टेशन पहिल्या गटातलं असेल आणि बिघाड त्यांच्या बाजूचा वाटत असेल तर त्यांच्या तांत्रिक विभागाला कळवा. 'नीट लागत नाही' एवढंच लिहिलं तर उत्तर येणार नाही. तारीख, वेळ, वारंवारता, तुमचा भाग, सेट सेलवर होता की प्लगवर, मेन बंद करून काय झालं, आणि सेट फिरवल्यावर दुसरं स्टेशन बुडतं की नाही, एवढं लिहा. सोबत अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग जोडा, पण मोबाइल रेडिओपासून जरा लांब धरून. जवळ धरला तर मोबाइलचीच खरखर त्यात उतरेल.